कृत्रिम गर्भधारणा आणि जनुकांवरील ठसे

(बोर्ली पंचतन येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व आरोग्य कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात हर्षा चावडा ही बालिका जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या परिश्रमांचे ते फळ होते. २०१६ मध्ये हर्षा स्वतः माता झाली. या उपचाराने असंख्य घरांत पाळणा हलला आहे. उपचार मुंबईत आणि बालकाचे संगोपन गावी, असे आपल्या चाकरमान्यांच्या मुलखात सहज घडू शकते. म्हणून या विषयाची एक बाजू आपण समजून घेतली पाहिजे.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपणांस मिळतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. बहुतेक जनुकांच्या दोन्ही प्रती काम करतात. काही थोड्या जनुकांवर मात्र रासायनिक ठसा असतो व त्यामुळे एकच प्रत कार्य करते. जमीन दोघांच्या नावे, पण वहिवाट एकाचीच, तसा हा प्रकार! हे ठसे बीजांड व शुक्रजंतू तयार होताना उमटतात आणि गर्भाच्या पहिल्या काही दिवसांत ते टिकून राहावे लागतात. नेमक्या याच काळात बीजांडांवर संप्रेरकांचा प्रभाव असतो व गर्भ प्रयोगशाळेतील द्रवात वाढत असतो.

२००२ व २००३ मध्ये युरोप-अमेरिकेतील संशोधकांनी अशा उपचारानंतर जन्मलेल्या काही बालकांत ठशांचे दोष आढळल्याचे नोंदविले. बेकविथ-वीडेमान विकारात जन्मतः वजन जास्त, जीभ मोठी, बेंबीपाशी फुगवटा आणि रक्तातील साखर कमी, अशी लक्षणे दिसतात. लहानपणी पोटात गाठ होण्याचा धोकाही असतो. एंजेलमान विकारात बोलणे जवळजवळ येत नाही, चाल डळमळते व झटके येतात.

मात्र घाबरून जाण्याचे कारण नाही. पहिला विकार एरव्ही दहा-बारा हजार जन्मांत सुमारे एकदा आढळतो. तो काही पट वाढला तरी अशी बहुसंख्य बालके त्यापासून मुक्तच राहतात. शिवाय दोष उपचाराचा की मूळ वंध्यत्वाच्या कारणांचा, हा प्रश्न अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही.

खरा धोका लपवाछपवीत आहे. लोक काय म्हणतील या भीतीने कुटुंब उपचाराची गोष्ट दडविते आणि डॉक्टरांना महत्त्वाचा धागा मिळत नाही. पहिल्या विकारात ठरावीक काळाने सोनोग्राफी केल्यास पोटातील गाठ लवकर सापडते आणि उपचार यशस्वी होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. निदानास उशीर झाला, तर ही संधी हुकू शकते.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी होते. संशयास्पद लक्षणे दिसताच बालकाला त्या पथकाकडे पाठवावे. पुढील सल्ल्यासाठी के. ई. एम. रुग्णालयात दुर्मिळ आजारांचे केंद्र आहे. २०२१ च्या कायद्यानुसार उपचार नोंदणीकृत केंद्रातच घ्यावा व कागदपत्रे जपून ठेवावीत. त्याच कायद्याने अशा बालकास दांपत्याच्या औरस अपत्याचे सर्व हक्क दिले आहेत.

आपणांस एकच विनंती आहे. आईला दोष देणारा शब्द गावात कोणी उच्चारू नये. ती निर्धास्तपणे बोलू शकली, तरच तिच्या बालकाची काळजी वेळेवर घेता येईल.