साक्षीदार किती, आणि नकला किती?



शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची इतिहासाची पुस्तके उघडली, तर शिवाजी महाराजांचे जन्मसाल सर्रास १६२७ असे सापडते. मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीत तेच साल आणि ग्रँट डफने १८२६ मध्ये इंग्रजीत छापलेल्या इतिहासातही तेच. मग १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली उजेडात आणली. भोरजवळच्या कारी गावातल्या जेधे देशमुखांच्या घरची ही जंत्री. तिच्यात ना वर्णने, ना स्तुती. नुसत्या तिथी आणि घटना. तिच्यातली जन्मतिथी होती फाल्गुन वद्य ३, शके १५५१. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०.

वाद पेटला. पेटायलाच हवा होता.

एका घरगुती कागदासाठी बखरी आणि छापील ग्रंथ मोडीत काढायचे का, ही शंका रास्त होती. पण चिटणिसांनी लिहिले ते महाराजांच्या निधनानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. ग्रँट डफ साताऱ्यात रेसिडेंट होता आणि बखरी त्याच्या हाताशी होत्या. त्यामुळे बखर आणि त्याचा ग्रंथ हे दोन स्वतंत्र साक्षीदार धरता येत नाहीत. उलट बाजूला पुढे आणखी पुरावे आले. महाराजांचा समकालीन कवींद्र परमानंद याचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य तंजावरात सापडले. त्यातली तिथी शकावलीशी जुळली. जोधपूरला मिळालेली कुंडलीही तेच सांगत होती. मावळ, तंजावर, जोधपूर! इतक्या दूरच्या कागदांनी एकमेकांची नक्कल केली असण्याची शक्यता फारच कमी. अर्थात शकावलीही निर्दोष नाही. तिच्यातल्या काही नोंदी चुकल्या आहेत, म्हणून जाणते अभ्यासक तिची प्रत्येक नोंद वेगळी ताडून पाहतात.

मूळ कागद तपासा, हेच इतिहासाचार्य राजवाडे आधीपासून सांगत होते. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढताना त्यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर भिस्त ठेवली, आणि पुढे त्या पत्रांसाठी ते गावोगाव वणवण हिंडले.

हा धडा इतिहासापुरता नाही. आता विज्ञानाकडे या. जॉन बोहॅनन या पत्रकाराने एक बनावट शोधनिबंध रचला. दगडफुलातला रेणू म्हणे कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतो! लेखक काल्पनिक, संस्था काल्पनिक, प्रयोगातल्या चुका ढळढळीत. हा निबंध ३०४ नियतकालिकांकडे गेला आणि निम्म्याहून अधिकांनी स्वीकारला. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ही हकीकत छापून आली. फसलेल्यांत भारतातून चालणारी नियतकालिकेही बरीच होती. ‘पीअर रिव्ह्यूड’ म्हणजे तज्ज्ञांनी तपासलेला, या शिक्क्याची किंमत तो कोण मारतो यावर ठरते.

मूळ न पाहण्याची चूक न्यायालयातही झाली. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले खटल्यांचे दाखले सादर केले. ते खटले अस्तित्वातच नव्हते. दंड झाला पाच हजार डॉलरचा. आपल्याकडच्या प्रबंधांत यंत्राशिवायही असे घडते: दुसऱ्याच्या संदर्भसूचीतून उचललेली, कधीच न उघडलेली पुस्तके तिथे ऐटीत बसलेली असतात. मार्गदर्शकांना हे ठाऊक असते, हे जास्त वाईट.

पदवीधर मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी जे संशोधनाकडे वळणार आहेत, त्यांना एवढीच विनंती: तळटीप लिहिण्याआधी मूळ पान स्वतः उघडा. वेळ जाईल, वरून घाई होईल, तरीही उघडा.