सहीचा अधिकार
(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून मी जमाखर्चाचा गोषवारा सादर करतो. यंदा औषध साहाय्य निधीतील एकाच नोंदीविषयी थोडे सविस्तर बोलण्याची अनुमती घेतो. रक्ताच्या एका कर्करोगावरील इमॅटिनिब या गोळ्यांची ही नोंद आहे. त्याच रुग्णांसाठी ती दरमहा पडते. "रुग्ण ठणठणीत दिसतो, डोंबिवलीहून रोज लोकलने कामावर जातो, मग हा खर्च किती दिवस चालणार?" असे एका देणगीदारांनी पत्राने विचारले. प्रश्न रास्त आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उत्तर मला आमच्या डॉक्टरांकडून समजून घ्यावे लागले. ते माझ्या हिशेबी भाषेत मांडतो.

कार्यालयात मंजुरीच्या सहीशिवाय कोणतेही देयक अदा होत नाही. पेशीचा कारभारही असाच चालतो. तेथे सही करणाऱ्या प्रथिनांना प्रोटीन कायनेज म्हणतात. ती दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का उमटवतात आणि ते प्रथिन कामाला लागते किंवा थांबते. या शिक्क्याची शाई म्हणजे एटीपी हे रसायन. शिक्का पुसणारी प्रथिनेही असतात. ही व्यवस्था उलगडल्याबद्दल एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर यांना १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या शरीरात असे सहीचे अधिकारी पाचशेहून अधिक आहेत. एका पेशीच्या दोन पेशी केव्हा व्हाव्यात, याची मंजुरी त्यांतीलच काही देतात. त्या संशोधनाचा गौरव २००१ च्या नोबेल पारितोषिकाने झाला.

मंजुरीइतकीच हरकतही महत्त्वाची. पेशीवर ताण आला, किरणोत्सर्गाने तिच्या गुणसूत्राला इजा झाली, तर एटीएम नावाचे कायनेज अंतर्गत लेखापरीक्षकाप्रमाणे हरकतीचा शेरा मारते. विभाजन थांबते, दुरुस्ती होते. दुरुस्ती अशक्य असेल तर पेशी स्वतःचे काम आटोपते. निरोगी शरीर म्हणजे मंजुरी आणि हरकत यांचा रोजचा ताळेबंदच होय.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या आजारात हा ताळेबंद बिघडतो. रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र असल्याचे १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे आढळले. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल हे त्याचे कारण, असे जॅनेट राउली यांनी १९७३ साली दाखविले. या अदलाबदलीतून असे एक कायनेज तयार होते की, त्याची सही कधी थांबतच नाही. कोऱ्या धनादेशांवर रात्रंदिवस सह्या व्हाव्यात, तशा पांढऱ्या पेशी वाढत जातात. इमॅटिनिब नेमके त्या कायनेजच्या शाईच्या खाचेत जाऊन बसते. हात तोच, शिक्का तोच. पण शाई मिळत नाही. अमेरिकेत २००१ साली या औषधाला मान्यता मिळाली. मूळ चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात होते.

ही गोळी आपल्या निधीच्या आवाक्यात कशी आली, हेही सांगितले पाहिजे. मूळ कंपनीच्या औषधाची किंमत महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होती. भारतीय कंपन्या तेच औषध ८ ते १० हजारांत देत. मूळ कंपनी अनेक रुग्णांना गोळ्या विनामूल्यही देत असे, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. परंतु तिला भारतात एकाधिकार मिळाला असता, तर बाकीच्यांनी काय करायचे, हा प्रश्न होता. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या धर्मादाय संस्थेने पेटंटला हरकत घेतली. २००६ साली चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना देसाई यांच्या सर्वोच्च न्यायालयातील पीठाने तो निर्णय कायम केला. आपल्यासारख्याच एका संस्थेने हा लढा दिला, याचा मला अभिमान वाटतो.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी कल्याणच्या एका रुग्णाच्या साहाय्याचे नूतनीकरण आमच्या कार्यालयात तीन आठवडे अडले. कागद पूर्ण होते. दुसऱ्या सहीची वाट पाहत फाईल माझ्याच टेबलावर होती. त्या गृहस्थांनी तक्रार केली नाही. उरलेल्या गोळ्या ते एक दिवसाआड घेत राहिले. पुढच्या तपासणीत आजाराने पुन्हा डोके वर काढल्याचे दिसले. डॉक्टरांनी मला दोष दिला नाही. एवढेच सांगितले की, या आजारात गोळी चुकली की त्या कायनेजला शाई मिळते. सुदैवाने नियमित औषधाने आकडे पुन्हा खाली आले. परंतु तेथे एक सही थांबत नव्हती आणि येथे माझी सही होत नव्हती, हा विचार माझ्या मनातून गेलेला नाही.

तेव्हापासून विश्वस्तांच्या संमतीने आपण नियम बदलला. गोळ्या आधी दिल्या जातात, सही मागाहून होते. आणि प्रत्येक रुग्णाचा एक महिन्याचा साठा राखीव असतो. या वर्षीच्या ताळेबंदात औषधसाठ्याची रक्कम वाढलेली दिसेल, ती यामुळे.

आप्तेष्टांना माझी हात जोडून विनंती आहे. आपला माणूस बरा दिसतो, तो गोळीमुळे. काही निवडक रुग्णांचे औषध पुढे थांबविता येते. पण तो निर्णय तपासण्या पाहून डॉक्टरांनीच घ्यावयाचा. पैशांची अडचण असेल तर गोळी कमी करू नका, आधी आमच्याकडे या.

आणि पत्र लिहिणाऱ्या देणगीदारांना नम्र उत्तर असे की, हा खर्च पुष्कळ दिवस चालणार आहे. तो चालू आहे, याचा अर्थ रुग्ण आपल्यात आहे.