सुसू, कूदमें आणि पतसंस्थेचे प्रशिक्षण

कॅरिबियन बेटांवरील क्रेडिट युनियन म्हणजे सभासदांच्या पैशावर उभी राहणारी आणि सभासदांनाच कर्ज देणारी पतसंस्था. जमैकात फादर जॉन पीटर सलिव्हन या जेझुइट धर्मगुरूंनी १९४१ मध्ये सोडॅलिटी क्रेडिट युनियन सुरू केली, तर डॉमिनिकात सिस्टर अलिशिया या बेल्जियन जोगिणीने १९५१ पासून या कामाचा पाया घातला. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील अँटिगोनिश चळवळीचा या काळावर मोठा प्रभाव होता. तिचे प्रणेते फादर मोझेस कोडी यांचा क्रम ठरलेला असे: आधी अभ्यासमंडळ, मग संस्था. लोक छोट्या गटांत जमून सहकार आणि हिशेब समजून घेत आणि त्यानंतरच पेटीत पैसे पडू लागत. प्रशिक्षण असे संस्थेच्याही आधी येई.

एकत्र पैसा उभारण्याची रीत मात्र कॅरिबियन प्रदेशात कितीतरी जुनी आहे. १८३८ मध्ये कॅरिबियनमधील ब्रिटिश वसाहतींतले गुलाम मळेमजूर पूर्णपणे मुक्त झाले आणि पुढच्याच वर्षी गयानात ८३ जणांनी आपली शिल्लक एकत्र करून नॉर्थब्रुक हा मळा विकत घेतला. तेच आजचे व्हिक्टोरिया गाव. कालपर्यंत ज्यांची स्वतःची मालमत्तेत गणना होत होती, त्या माणसांनी केलेली ही खरेदी सहकाराच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात पहिल्या पानावर शोभेल.

पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांच्या एसुसूशी नाते सांगणारी सुसू त्रिनिदाद, ग्रेनाडात आजही चालते. जमैकात तिला ‘पार्टनर’ म्हणतात, बार्बाडोसमध्ये ‘मीटिंग टर्न’, गयानात ‘बॉक्स हँड’. मराठी वाचकाला ही आपली भिशीच वाटेल. दहा जणींनी दर आठवड्याला शंभर-शंभर डॉलर टाकले, की पाळीपाळीने प्रत्येकीच्या हाती एकदा हजार डॉलर येतात. श्रमाच्या देवघेवीलाही अशीच नावे आहेत: डॉमिनिका आणि सेंट लुशियात कूदमें, त्रिनिदादमध्ये गयाप. घराचे छप्पर किंवा शेताची मशागत गावाने मिळून उरकायची, घरधन्याने जेवण घालायचे आणि पुढे आपली पाळी आली की हजर व्हायचे.

पतसंस्थेच्या प्रशिक्षणाला या परंपरेचा खरा उपयोग कर्जाच्या धड्यात होतो. सुसूत पहिली उचल घेणारी व्यक्ती प्रत्यक्षात कर्जदार असते आणि शेवटची ठेवीदार. दोघी एकमेकींना ओळखतात, म्हणून पुढचे हप्ते चुकवणे म्हणजे कोणाचे पैसे बुडवणे हे सांगावे लागत नाही. पतसंस्थेत तीच नाती खतावणीत जातात. कर्जदाराला समोर काउंटर दिसतो, त्यामागची ठेवीदार दिसत नाही. थकबाकीचे प्रमाण शिकवण्याआधी सुसूचे हे चक्र वर्गात मांडले, तर स्वावलंबन, जबाबदारी आणि एकजूट ही सहकारी मूल्ये पाठ करायची गरज उरत नाही.

फरकही तितक्याच स्पष्टपणे शिकवावा लागतो. फेरी संपली की सुसूचा निधी संपतो. पतसंस्थेत भागभांडवल आणि राखीव निधी साठत जातो. सुसूचा भरवसा पैसे सांभाळणाऱ्या एका माणसाच्या अब्रूवर असतो. तो माणूस फिरला तर दाद मागणे अवघड. पतसंस्थेत प्रत्येक सभासदाला एक मत, पर्यवेक्षण समिती आणि हिशेबतपासणी असते. वारशाचे गोडवे गाऊन हा फरक झाकणारे प्रशिक्षण सभासदांचे नुकसानच करते.

अलीकडे नियामकांच्या अपेक्षा वाढल्यामुळे रोखतेचे प्रमाण आणि बेहिशेबी पैशाला प्रतिबंध हे विषय प्रशिक्षणात आले आहेत. ते आवश्यकच आहेत, कारण निवडून येणारे संचालक बहुधा शिक्षक, शेतकरी, सरकारी नोकर असतात. पण वेळ अपुरा पडला की आधी मूल्यांचा भाग कापला जातो आणि वारसा ऑक्टोबरातल्या क्रेडिट युनियन दिनाच्या पोशाखांपुरता राहतो. कॅरिबियन क्रेडिट युनियन महासंघाने सहकारी मूल्ये शिकवणारे विकास-शिक्षक घडवण्याचा कार्यक्रम राबवला, ही म्हणूनच मोलाची गोष्ट आहे.

या वारशात सरकारी सहकाराचा अनुभवही येतो. गयानाने १९७० मध्ये स्वतःला सहकारी प्रजासत्ताक घोषित केले आणि सहकार हे राज्याचे धोरण बनले. व्हिक्टोरियाच्या ८३ जणांमागे मात्र कोणतेही सरकार नव्हते. संचालकांच्या वर्गात ही दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली, तर संस्था कोणाच्या पुढाकाराने उभी राहते आणि तिच्यावर ताबा कोणाचा, या प्रश्नांची चर्चा स्वतःच्या इतिहासाच्या आधारे करता येते.