दोन दीर्घिकांमधले तारे

(कुरवंडे येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आजचा विषय ज्या जागेचा आहे, ती दोन मॅजेलन मेघांमधली जागा नागफणीच्या सुळक्यावर चढूनही दिसत नाही. मोठा मॅजेलन मेघ इथून जेमतेम दक्षिण क्षितिजाला टेकतो, छोटा तर दिसतच नाही. या दोन खुज्या दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या शेजारणी. मोठी सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षे दूर, छोटी सुमारे २ लाख.

१९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांना या दोघींना जोडणारा हायड्रोजनचा पट्टा सापडला. दोघी एकमेकींच्या जवळून गेल्या, तेव्हा गुरुत्वाकर्षणाने ओढला गेलेला हा वायू. १९८५ मध्ये आयर्विन, कुंकेल आणि डेमर्स या खगोलशास्त्रज्ञांनी या पट्ट्यात निळे, तरुण तारे असल्याचे दाखवले.

हे तारे वायूबरोबर दीर्घिकेतून ओढले गेले असतील का? याचे उत्तर त्यांचे वय देते. एक कोटी वर्षे वयाचा तारा सेकंदाला १०० किलोमीटर वेगाने धावला, तरी तो सुमारे ३,३०० प्रकाशवर्षेच जाईल. पट्टा तर त्याच्या कितीतरी पट लांब पसरलेला आहे. त्याच्या मधोमध असा तारा सापडला, तर तो तिथेच जन्मला असे मानावे लागते. म्हणून शोध घ्यायचा तो तरुण ताऱ्यांचा. म्हातारा तारा कुठूनही आलेला असू शकतो.

दीर्घिकांबाहेरच्या अशा ताऱ्यांचा शोध सगळीकडेच दोन अंगांनी चालतो. हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींवर ओळखू येतो आणि तरुण तारे अतिनील प्रकाशात उठून दिसतात. पहिल्या कामासाठी आपल्याच पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडदला, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. दुसऱ्यासाठी २०१५ मध्ये सोडलेला आपला ॲस्ट्रोसॅट उपग्रह. त्याच्या अतिनील दुर्बिणीतून पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रातील कनक साहा आणि सहकाऱ्यांनी दूरच्या खुज्या दीर्घिकांच्या काठावर नवे तारे जन्मत असल्याचे २०२२ मध्ये मांडले.

पण वायू आहे म्हणून तारे असतीलच असे नाही. २०२० मध्ये ओंकार बाईत आणि सहकाऱ्यांनी जीएमआरटीवर एका दीर्घिकेभोवती सुमारे ३ लाख ८० हजार प्रकाशवर्षे व्यासाचे हायड्रोजनचे कडे शोधले. हवाईतील मोठ्या दुर्बिणीने घेतलेल्या अतिसंवेदनशील चित्रांतही त्या कड्यात तारे दिसले नाहीत. लोणावळ्यावर ढग आले की पाऊस पडतोच असे नाही, तसेच हे. वायू पुरेसा दाट आणि थंड झाला, तरच तो स्वतःच्या वजनाने आकसून तारा घडवतो. ही सीमा नेमकी कुठे, हे कळायला तारे सापडलेल्या जागांइतक्याच न सापडलेल्या जागाही मोलाच्या आहेत.

यात इतके मन का घालायचे? मॅजेलन मेघांमधल्या या पट्ट्यातील वायूत सूर्याच्या मानाने जड मूलद्रव्ये फार कमी आहेत. विश्वाच्या बालपणी असाच वायू होता आणि लहान दीर्घिका एकमेकींत मिसळत होत्या. त्या काळी तारे कसे जन्मले असतील, हे आपल्या शेजारी, सुटा सुटा तारा पाहून अभ्यासता येते.

पालकांना माझी एवढीच विनंती. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, खोडदची दुर्बीण सर्वांसाठी खुली असते. मुलांना घेऊन जा, त्या तबकड्यांखाली उभे करा आणि तिथल्या संशोधकांना त्यांना मनसोक्त प्रश्न विचारू द्या.