गंगेची शार्क ससून डॉकवर



हिंगण्याच्या वेणा नदीत शार्क नाही. पोहणाऱ्या पोरांनी तिच्याबाबत तरी निर्धास्त राहावं. पाण्याच्या स्वच्छतेची हमी मी देत नाही. पण समुद्रातून नदीत शिरणाऱ्या शार्क खरोखरच असतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात, मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत शार्कनं एका तरुण मच्छीमाराचा पाय तोडला. ती बुल शार्क होती. समुद्रातल्या बहुतेक शार्कना गोडं पाणी सोसत नाही. अंगात क्षार जास्त, बाहेर कमी, त्यामुळे पाणी आत शिरतच राहतं. बुल शार्क मात्र अंगातला युरिया कमी करते आणि आत आलेलं पाणी पातळ लघवीवाटे भरभरून बाहेर टाकते. तेवढ्या बळावर ती ॲमेझॉनमधून थेट पेरूतल्या इकिटोसपर्यंत पोचलेली आहे.

हिच्या करणीचं खापर वर्षानुवर्षं गंगा शार्कवर फुटत आलं. दोघी दिसायला सारख्या. पण गंगा शार्क इतकी दुर्मीळ, की फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर २६६ सेंटिमीटरची मादी आली, तेव्हा संशोधकांनी तिची शास्त्रीय नियतकालिकात नोंद केली. गंगा कुठे नि ससून डॉक कुठे! तीही आली ती मेलेली, इतर मासळीसोबत.

२००१ पासून ही शार्क वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. वाघ ओळखायला मात्र कुणाला शिकवावं लागत नाही. हिच्या पाठीवरचे दोन पर पाहावे लागतात. बुल शार्कचा मागचा पर पुढच्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतका, गंगा शार्कचा जवळजवळ निम्मा. शिवाय गंगा शार्कचे डोळे अगदी बारीक. भर समुद्रात, तडफडणाऱ्या माशाच्या शेपटीचे तडाखे चुकवत हे कोण मोजणार?

संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळं कापलं, तर आपल्या राज्यात मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली ही योजना मला कायद्याच्या धाकापेक्षा शहाणपणाची वाटते. प्राणी सोडल्याचा फोटो किंवा चित्रीकरण तेवढं लागतं. तेव्हा या दोन परांचं मोठं चित्र, खाली सोप्या मराठीत चार ओळी, कोकणातल्या प्रत्येक जेट्टीवर लावायला काय हरकत आहे? खर्च एका फलकाचा.