नादार माणसाची पत



मराठीत 'पत' हा शब्द दोन ठिकाणी राबतो. वाण्याच्या वहीत असते तीही पतच आणि चारचौघांत असते तीही पतच. म्हणून ज्याचे दिवाळे निघते त्याचा पैसा तर जातोच, शिवाय त्याची मानही खाली जाते. कायद्याने हा भेद ओळखून माणसाला पुन्हा उभे करावयास हवे. तो तसे करतो काय, हा आजचा प्रश्न आहे.

घोडबंदर रस्त्यावरचे मानपाडा घ्या किंवा डोंबिवली पूर्वेचा मानपाडा रस्ता घ्या, दोन्हीकडे हप्त्यावर संसार उभारलेली माणसे राहतात. औद्योगिक वसाहतीत २०१६ च्या मे महिन्यात स्फोट झाला, २०२४ च्या मे महिन्यात पुन्हा झाला. अशा वेळी कारखाना बंद पडतो, मजुरी थांबते. हप्ता मात्र थांबत नाही. २०२० च्या टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हे सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, तेव्हाही व्याज चढतच होते. घर चालवण्यासाठी क्रेडिट कार्ड वापरले गेले, ते फेडण्यासाठी दुसरे घेतले गेले, आणि कित्येक कुटुंबे या मार्गाने बुडाली. ही उधळेपणाची कहाणी नव्हे. मजुरी आणि खर्च यांच्यातील खाईची कहाणी आहे.

अशा माणसासाठी कायदा कोणता? ठाणे-कल्याणच्या रहिवाशासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. मुंबई शहरासाठी १९०९ चा वेगळा. पाचशे रुपयांचे कर्ज असलेला कर्जदार या १९२० च्या कायद्याखाली न्यायालयात नादारीचा अर्ज करू शकतो. त्याची मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते, ती घेणेकऱ्यांत वाटली जाते आणि अखेर न्यायालयाने मुक्तता दिली की सरकारी देणी व फसवणुकीची देणी वगळता बहुतेक जुनी कर्जे संपतात. परंतु मुक्तता मिळेपर्यंत त्या माणसाने आपली नादारी न सांगता पन्नास रुपयांची उधारी केली तरी तो गुन्हा ठरतो. पन्नास रुपयांत आज आठवड्याचा चहादेखील होत नाही. शंभर वर्षांपूर्वीचा आकडा तसाच राहिला आणि भाव मात्र कुठच्या कुठे गेले.

२०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा आला. बड्या कंपन्यांसाठी तो तत्काळ कामाला लागला. घेणेकऱ्यांनी हजारो कोटींवर पाणी सोडायचे आणि कारखाना नव्या मालकाच्या हाती द्यायचा, या व्यवहाराला 'निराकरण' असे सभ्य नाव मिळाले. त्याच कायद्याचा तिसरा भाग व्यक्तींसाठी आहे. तो १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्यांपुरता. सामान्य कर्जदार वर्षानुवर्षे दाराबाहेरच राहिला. गरिबासाठी त्यात 'नव्या प्रारंभा'ची तरतूद लिहिली आहे. पण वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत आणि स्वतःचे घर नाही, अशा अटी आहेत. महिना पाच हजारांत डोंबिवलीत कोणाचा संसार चालतो?

१८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यानंतर चारच वर्षांत परक्या सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्यास बंदी आली. आजचे खतपत्र मात्र जळत नाही. ते संगणकात असते. २००५ च्या कायद्याखाली पतमाहिती कंपन्या प्रत्येक कर्जदाराची नोंद ठेवतात, किमान सात वर्षे जपतात, आणि तीनशे ते नऊशे यांमधला एक आकडा त्याच्या कपाळी लिहितात.

म्हणून कार्यकर्त्यांना हे व्यवहारज्ञान हवे. या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो मागवावा. चूक आढळल्यास लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निवारण न झाल्यास दर दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ पासून लागू आहे. बँकेशी तडजोड करून कमी रक्कम भरली तर नोंदीत 'पूर्ण फेड' न लिहिता 'तडजोड' लिहिले जाते आणि तो डाग पुढच्या कर्जाला आडवा येतो, हे सही करण्यापूर्वीच कर्जदाराला सांगावे. देणे नसल्याचा दाखला हातात घेतल्याशिवाय उठू नये. वसुलीचे दूरध्वनी सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर येत असतील तर ती नियमाची पायमल्ली आहे. बँक दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

पत पुन्हा उभारण्याची सोपी वाट म्हणजे मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे कार्ड. त्यावर थोडाच खर्च करावा आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरावे. 'किमान रक्कम' हा शब्द गोड आहे, पण हिशेब पाहा. वीस हजारांची बाकी, महिना साडेतीन टक्के व्याज, म्हणजे सातशे रुपये. त्यावर अठरा टक्के कर, म्हणजे एकशे सव्वीस. हजार रुपये भरले तर मुद्दल फिटते अवघे एकशे चौऱ्याहत्तर. ग्राहक आयोगाने २००८ साली अशा व्याजाला तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली. तेव्हा हा प्रश्न आता न्यायालयात नव्हे, लोकसभेत सुटावयाचा आहे.

मागण्या तीन असाव्यात. व्यक्तींच्या नादारीचा कायदा सामान्य माणसाला खुला करावा. 'नव्या प्रारंभा'च्या मर्यादा किमान वेतनाशी जोडाव्यात. आणि क्रेडिट कार्डाच्या व्याजाला कायद्यानेच कमाल मर्यादा घालावी.

१९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की केवळ गरिबीमुळे कर्ज न फेडू शकणाऱ्याला कैदेत टाकता येणार नाही. तुरुंगाचे दार तेव्हा बंद झाले. बँकेचे दार मात्र उघडले नाही. ज्याने आपले सर्वस्व देऊन देणी भागवली, त्याला पुन्हा उभे राहण्याचा हक्क आहे. कंपनीला तो मिळाला आहे. तो कामगारालाही मिळवून देणे, हे संघटनेचे काम आहे.