अ‍ॅप बंद पडलं, हिशेब कुणाकडे?



गटाचा हिशेब मोबाइलवर आला तेव्हा बरं वाटलं होतं. बेरीज चुकत नाही, व्याज आपोआप निघतं. पण अ‍ॅप चालवणारी कंपनीच दिसेनाशी झाली तर? फुलंब्रीच्या आमच्या गटावर यंदा ही वेळ आली. अ‍ॅप खासगी कंपनीचं, वर्षाची फी आगाऊ भरलेली. एका सकाळी ते उघडेचना. मदतीचा नंबर बंद. ई-मेल केला, तर ‘तक्रार मिळाली’ असं आपोआप उत्तर आलं; पुढे काही नाही. अ‍ॅप शिकवायला आलेला मुलगा म्हणाला, “ताई, मी ती नोकरी कधीच सोडली.”

त्याच आठवड्यात बँकेला कर्जासाठी गटाचा हिशेब हवा होता. मग अकरा जणींची पासबुकं गोळा केली, बैठकीची इतिवृत्तं काढली आणि रात्री स्वयंपाक उरकून एकेक हप्ता मांडत बसलो. दहा जणींचं जुळलं. अकराव्या ताईचं पासबुक गळक्या पत्र्याखाली भिजलेलं, अक्षर लागेना. तिचे दोन हप्ते अ‍ॅपमध्ये होते. ती म्हणाली, रोख भरलेत. एकीदोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एका हप्त्याचा उल्लेख इतिवृत्तात सापडला, दुसऱ्याचा नाही. गटाने दोन्ही धरले. पण पुढच्या दोन बैठकांना ती दाराशीच बसली. फीचे पैसे एकवेळ परत मिळतील. हे कोण भरून देणार?

अंगणवाडीच्या ताईंना असं काही नवं नाही. त्यांना २०१९ मध्ये मोबाइल मिळाले, त्यात ‘कॅस’ नावाचं अ‍ॅप होतं. ते बंद झालं आणि २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ आलं. २ जीबी रॅमच्या त्या मोबाइलवर ते धड चालेना, भाषा इंग्रजी, मोबाइलची वॉरंटी संपलेली आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या हजारो सेविकांनी ते मोबाइल परत केले. एकटीदुकटीने केला असता तर तिलाच नोटीस आली असती.

आपण तर फी भरलेले ग्राहक आहोत. पैसे घेऊन सेवा न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवेतली त्रुटी आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी पुण्याची असो की बंगळुरूची, तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही. वकीलही लागतोच असं नाही. मात्र कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जायचं.

आता कुणी नवं अ‍ॅप घेऊन आलं की आम्ही पहिल्यांदा विचारतो, “आमचा सगळा हिशेब आम्हाला कागदावर काढून मिळेल का? आत्ता, आमच्यासमोर?” बहुतेक जण इथेच घुटमळतात. मग आम्ही चहा पाजतो आणि वाटेला लावतो. दर बैठकीला हप्ता पासबुकात चढतो, वहीत चढतो, सही होते, मगच मोबाइल. डबल काम आहे, कंटाळा येतो, खरं आहे.

एकच त्रास झालेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने मिळून एक तक्रार करता येते. आपल्या तालुक्यात आणखी गटांचं अ‍ॅप असंच बंद पडलं असेल, तर फीची पावती, मोबाइलवर आलेले मेसेज आणि गटाचा ठराव घेऊन आम्हाला भेटा. पावती हरवली असेल तर पैसे पाठवल्याची बँकेतली नोंद आणा, तीही चालेल.